वैजयंतीबाई मेडनहेडला येतात

इंग्लंडातल्या मेडनहेडमध्ये मेक्सिकन कुटुंबं दोन. तरीही एक नोव्हेंबरच्या शनिवारी संध्याकाळी साडेचारपासून हाय स्ट्रीटवर सांगाड्यांची रीघ लागली होती. तोंडाला पांढरा रंग, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, डोक्यावर झेंडूची फुलं आणि हातात बियर. हे सगळे सांगाडे स्थानिक होते. एरवी ते इन्शुरन्समध्ये किंवा आयटीत असत. मेलेल्या माणसांना वर्षातून एकदा जेवायला बोलावण्याचा मेक्सिकोतला सण यंदा मेडनहेडनेही करायचं ठरवलं होतं. रस्ताभर मेणबत्त्या लावल्या होत्या. त्या बॅटरीवरच्या होत्या, कारण तसं सुनीतीने लेखी कळवलं होतं.

सुनीती एका इव्हेंट कंपनीत सेफ्टीचं काम बघायची. रस्ता कुठून बंद करायचा, अँब्युलन्स कुठून आत येणार, सांगाड्यांची गर्दी एका जागी किती झाली म्हणजे काळजी करायची, हे सगळं आधी कागदावर आणणं तिच्याकडे होतं. दोन्ही टोकांना बॅरियर लावून हातात मोजणीचा क्लिकर घेतलेली माणसं उभी करायची कल्पनाही तिचीच. माणूस आत आला की एकदा टक, बाहेर पडला की एकदा टक. त्याबद्दल आयोजकांनी खूश होऊन तिला खाण्याची चार कूपनं दिली होती. फुकट कूपन वाया घालवण्याचा गुन्हा सुनीती आणि जयंत या जोडप्याच्या हातून तेवीस वर्षांच्या संसारात घडला नव्हता. म्हणून दोघं चालत निघाली. घर पंधरा मिनिटांवर होतं.

बॅरियरपाशी एक उंच, थकलेला माणूस पिवळं जाकीट घालून उभा होता. जयंत आत गेला. टक. सुनीती आत गेली. टक. ती दोन पावलं पुढे गेल्यावर मागून पुन्हा एकदा टक.

सुनीतीने वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. तो माणूस मात्र बॅरियर हाताने धरून, किंचित वाकून उभा होता. गुडघ्यांनी अधू असलेलं कोणी सावकाश येत असलं की सभ्य माणसं उभी राहतात तसा. ‘टेक युअर टाइम,’ तो म्हणाला आणि मग त्याने बॅरियर सोडलं.

सुनीती त्याच्याकडे गेली, स्वतःची ओळख सांगितली आणि आम्ही दोघंच आहोत असं सांगितलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या शेजारी पाहिलं, आणि तो अतिशय विनयाने सॉरी म्हणाला. म्हणजे त्याला ते मुळीच पटलेलं नव्हतं. आता एक वजा करा, असं सुनीतीने सांगितल्यावर त्याने क्लिकर तिच्यापुढे धरला. त्याला एकच बटण होतं. क्लिकरला वजाबाकी येत नाही.

तिने मनात नोंद केली की बॅरियरवरच्या स्टुअर्ड लोकांना दर दोन तासांनी ब्रेक द्यायला हवा.

खाण्याच्या स्टॉलवर मेडनहेडच्या दोन मेक्सिकन कुटुंबांपैकी एक सगळंच्या सगळं राबत होतं. घरातली बाई तव्यापाशी उभी राहून मक्याच्या पिठाचे गोळे दाबून पातळ भाकऱ्या टाकत होती. जयंतचा चेहरा उजळला. परदेशी पदार्थ समोर आला की तो मुळात आपला कसा हे सिद्ध करण्याची जयंतला हौस होती. त्याप्रमाणे टॉर्टिया म्हणजे मक्याची भाकरी, हे जाहीर झालं. मक्याच्या सालात बांधून वाफवलेला तमाले ही पानगी निघाली. लाल सरबत तर सरळसरळ अंबाडीच्या फुलांचं होतं, त्यामुळे मेक्सिको हा सोलापूरच्या जरा पुढे लागतो, एवढंच सिद्ध व्हायचं राहिलं.

‘आईला आवडलं असतं,’ तो म्हणाला.

सुनीतीने टिश्यू आणायला जाते म्हटलं आणि ती गेली.

परत आली तेव्हा तिच्या ट्रेमधले दोन्ही टाको अर्धे होते. खाल्लेले नव्हे, अर्धे केलेले. दुमडलेली भाकरी, आतलं मशरूमचं सारण, वरचा कांदा, सगळं बरोबर मधोमध, एक कणही न सांडता. उरलेले दोन अर्धे जयंतच्या ट्रेमध्ये, त्याच्या स्वतःच्या टाकोंशेजारी, शिस्तीत मांडलेले होते.

‘माझे का घेतलेस?’

‘तूच ठेवलेस की,’ जयंत तोंडातला घास न थांबवता म्हणाला.

टाको असा निम्मा करणं सोपं नसतं. सुनीतीने तिथेच जयंतचा एक करून पाहिला. सगळं सारण मनगटापर्यंत आलं. ती ते पुसत असताना तिला वास आला. मका, भाजलेली मिरची आणि सांडलेली बियर यांच्या खालून अगदी बारीक, पण चुकूच नये असा: डांबरगोळ्यांचा.

तिने तो वास लगेच ओळखला, आणि ओळखला हे जयंतला कळू नये म्हणून ती सरबत प्यायली.

वैजयंतीबाईंना, म्हणजे जयंतच्या आईला, अख्खी वस्तू कधी खाताच आली नाही. पोळी असो, आंबा असो, चहात बुडवायचं बिस्किट असो, ‘मला अर्धी पुरे,’ असं म्हणून त्या मधोमध दोन भाग करत आणि दुसरा भाग थेट जयंतच्या ताटात जाई. जयंत पन्नाशीला आला, त्याला कोलेस्टेरॉल झालं, तरी जाई. सुनीतीच्या ताटात तो अर्धा कधी आला नाही. त्यात आकस नव्हता. हाताला वळण तसं होतं. पण तेवीस वर्षं शेजारच्याच ताटावर बसलेल्या माणसाच्या ते लक्षात राहतं.

डांबरगोळ्या कोटाच्या होत्या. मेडनहेडचं घर घेतलं त्या वर्षी वैजयंतीबाईंनी पुण्यात तुळशीबागेजवळच्या एका दुकानातून मरून रंगाचा लोकरी कोट घेतला होता, इंग्लंडसाठी. पासपोर्टही काढला. त्या विचारीत, ‘येऊ का गं?’ आणि सुनीती म्हणे, ‘या ना आई. नक्की या. फक्त जरा कार्पेट होऊ दे.’ मग फक्त किचनचं काम होऊ दे. मग फक्त नातीची, अन्वीची, परीक्षा होऊ दे. मग कोविड आला, तो सुनीतीला न मागता मिळाला. मग फक्त ती बॉक्सरूम रिकामी होऊ दे, तिथेच तर तुमची सोय करायची आहे. अकरा वर्षांत सुनीतीने सासूला एकदाही नाही म्हटलं नव्हतं. पासपोर्टचं एकदा नूतनीकरण झालं. आत शिक्का एकही पडला नाही. कोट डांबरगोळ्यांमध्ये वाट बघत राहिला आणि मे महिन्यात वैजयंतीबाई गेल्या.

जयंत पुण्याला गेला. सुनीतीला त्या आठवड्यात स्लाऊला दोन इव्हेंट होते. दहाव्याला ती व्हिडिओ कॉलवर हजर राहिली, गाडीत बसून, साडेआठच्या मीटिंगच्या आधी. पुण्यात साडेबारा वाजले होते, ऊन रणरणत होतं आणि पिंडाला कावळा शिवत नव्हता. कावळे होते. भिंतीवर पाच बसले होते. खाली उतरत नव्हते. मेलेल्याची काहीतरी इच्छा राहिलीय, असं सगळ्यांनी धरलं आणि रिवाजाप्रमाणे एकेक जण पुढे होऊन मोठ्याने आश्वासनं देऊ लागला. जयंत म्हणाला, तुझी औषधांची पेटी गरजूंना देईन. मोठ्या जावेने कुळाचाराची हमी घेतली. पुतण्या श्रीनिवासने सिगारेट सोडण्याचं वचन दिलं. कावळ्यांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. गुरुजी दर्भाचा कावळा करायला घेणार, इतक्यात कोणीतरी म्हणालं, सूनबाईंना बोलू दे. जयंतने फोन पिंडाच्या दिशेने धरला.

आठ सत्तावीस झाले होते. सुनीती म्हणाली, ‘आई, या आमच्याकडे.’ आणि कावळा आला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, सुनीतीचं कौतुक झालं, ती मीटिंगला गेली. मीटिंगमध्ये पार्किंगचा विषय चालू असताना तिच्या लक्षात आलं की घाईघाईत ‘फक्त’ म्हणायचं राहून गेलं.

त्यानंतर सहा महिने जयंत त्या वाक्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. सुनीतीला मेलेल्या माणसाची भीती वाटत नव्हती, निदान ती तसं समजत होती. तिला धास्ती होती ती जयंत कधीतरी ते वाक्य खिशातून काढून तिच्यापुढे ठेवेल याची. कारण ते ठेवलं की त्याच्यामागून आधीची अकरा वर्षंही बाहेर आली असती.

हाय स्ट्रीटच्या मधोमध, बंद पडलेल्या कपड्यांच्या दुकानासमोर, आयोजकांनी पायऱ्यापायऱ्यांची वेदी मांडली होती. झेंडूच्या माळा, साखरेच्या कवट्या, मृतांसाठीचे गोल पाव, पाण्याचे पेले, आणि लोकांनी आणून ठेवलेले फोटो. शेजारच्या टेबलावर एक सांगाडा बसला होता. आवाजावरून ती लायब्ररीतली बाई असावी. ती प्रत्येकाला एक पुठ्ठ्याचं लेबल देत होती, सामानाला बांधतात तसं. त्यावर दोन ओळी छापल्या होत्या. वरची: आज कोणाला बोलावताय. खालची: बोलावणारे.

सुनीतीने लेबल नाकारलं. जयंतने घेतलं. वरच्या ओळीवर त्याने शांतपणे, देवनागरीत, शाळेतल्या वळणदार अक्षरात ‘वैजयंती’ लिहिलं. खालच्या ओळीवर लिहिलं ‘सुनीती’.

‘माझं नाव कशाला?’

‘तू बोलावलं होतंस.’

‘अरे, तेव्हा सगळेच काही ना काही बोलत होते.’

‘हो,’ जयंत म्हणाला. ‘पण आमच्या बोलण्यावर कोणी आलं नाही.’

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सुनीतीला उत्तर सुचलं असतं. त्याने लेबल माळेला बांधलं, दोनदा गाठ मारली, आणि वेदीसमोर, सवयीने, चपला काढाव्यात म्हणून खाली वाकला. मग आपण बूट घातले आहेत आणि हा रस्ता आहे हे आठवून सरळ झाला. सांगाडाबाईने दोघांचा फोटो काढायची तयारी दाखवली. ‘जरा जवळ या,’ ती म्हणाली. दोघं जवळ सरकली. ‘अजून थोडं. हां. लव्हली, आता सगळे छान आलात.’

फोटो जयंतने तिथल्या तिथे अन्वीला पाठवला. अन्वी मँचेस्टरला शिकत होती आणि तिचं मराठी आईवडिलांशी बोलण्यापुरतं होतं. दोन मिनिटांत तिचा व्हॉइस मेसेज आला. जयंतने तो दोघांना ऐकू जाईल असा लावला. मागे मैत्रिणींचा गोंधळ होता. ‘सो क्यूट, पण तुम्ही भांडला का? एवढा गॅप का ठेवला मध्ये?’

सुनीतीने फोन हातात घेतला. फोटोत दोघं हसत होती. आपण जयंतच्या बाहीला बाही लावून उभ्या होतो हे तिला पक्कं आठवत होतं, बाहीचं ओलसर कापडसुद्धा आठवत होतं. फोटोत दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा मोकळी होती. फार रुंद माणसाची नाही. जयंतचा डावा हात त्या जागेमागून, खांद्याच्या उंचीवर, कोणाला तरी आधार द्यावा तसा वाकलेला होता.

‘गर्दी वाढलीय,’ सुनीती म्हणाली. ‘निघू या.’

जयंतने उरलेल्या कूपनांवर वेदीवरच्यासारखा एक गोल पाव आणि चार टॉर्टिया बांधून घेतल्या. तव्यापाशी उभ्या असलेल्या बाईने पिशवी जयंतच्या हातात दिली. मग सुनीतीच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून, वयस्कर माणसांना करतात तशी मान लववली. सुनीतीने तिला काही विचारलं नाही. काही प्रश्न असे असतात की त्यांची उत्तरं मिळाली तर फॉर्म भरावे लागतात.

बाहेर पडायच्या बॅरियरवर दुसरा माणूस होता, तरुण, तरतरीत, नुकताच ब्रेक घेऊन आलेला. जयंत, टक. सुनीती, टक. ती बॅरियरच्या पलीकडे थांबली आणि त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिली. अंगठा बटणावर तसाच होता. एक क्षण गेला, दोन गेले, गुडघे दुखणाऱ्या माणसाला चार पावलांना जेवढा वेळ लागतो तेवढा गेला. टक.

घरी जाताना दोघं नेहमीपेक्षा सावकाश चालली. तसं ठरवून कोणी चाललं नाही. चढ लागला की जयंत थांबे, दुकानांच्या काचांत बघे, पुन्हा निघे. फुटपाथवर झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या. उत्सवात कोणाच्या तरी बुटाला चिकटून आल्या असतील, असं सुनीतीने स्वतःला समजावलं. पुढे नेहमीचा चौक गेला, शाळा गेली, त्यांची गल्ली आली, तरी अधूनमधून एकेक पाकळी होतीच. दर वेळी ती त्यांच्या पुढे असे. त्यांच्या मागे एकही नव्हती.

दारापाशी जयंतने किल्ली लावली, दार उघडलं आणि स्वतः आत न जाता बाजूला उभा राहिला. सुनीतीही आत गेली नाही. दाराबाहेरचा सेन्सरचा दिवा लागला होता. हालचाल थांबली की तो वीस सेकंदांत विझतो. दोघं निश्चल उभी होती. मिनिट झालं तरी दिवा विझला नाही.

सुनीतीला वाटलं, आत्ता आपण चटकन आत जावं आणि दार लावून घ्यावं. वाटलं आणि तिला कळलं की ते करता येईल. कोणी अडवणार नाही. जयंत काही बोलणार नाही. उद्याही नाही आणि पुढच्या अकरा वर्षांतही नाही. बाहेर जे कोणी उभं होतं ते उंबरठ्यावर पाय टाकत नव्हतं. बोलावल्याशिवाय आत शिरायची त्यांची पद्धत नव्हती. त्या नेहमी आधी विचारीत. येऊ का गं.

‘तू तेव्हा म्हणालीस,’ जयंत दाराकडे बघत म्हणाला, ‘तेव्हा मला वाटलं, असंच बोलतेय. मीटिंग असेल. तिला मात्र खरं वाटलं.’

‘मीटिंग होती,’ सुनीती म्हणाली.

‘माहितेय.’

मग ती म्हणाली, ‘पिशवी दे.’

तिने वरची टॉर्टिया काढली. अजून कोमट होती. तिचा तुकडा मोडला, बॅगेतली पाण्याची बाटली उघडली आणि दारातल्या रिकाम्या जागेवरून तुकडा तीनदा ओवाळला. लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात; तिच्यावरून तेवीस वर्षांपूर्वी पुण्यात ओवाळला होता तो वैजयंतीबाईंनी. जोंधळ्याची भाकरी होती ती, आणि तीसुद्धा अर्धीच. आता तुकड्याचे दोन भाग करून तिने एक डावीकडे टाकला, तो रिसायकलिंगच्या डब्यावर पडला, आणि एक उजवीकडे, तो जयंतच्या गाडीवर. उंबरठ्यावर पाणी ओतलं. ते जरा जास्तच पडलं.

‘या आई,’ ती म्हणाली. पुढे आणखी एक शब्द जिभेवर आला होता. तो तिने गिळला.

डांबरगोळ्यांचा वास तिच्या अंगावरून आत गेला. बाहेरचा दिवा विझला.

आत आल्यावर जयंतने चहा टाकला. सुनीतीने त्याला विचारलं, साधारण किती दिवसांसाठी असेल. व्हिजिटरला सहा महिने मिळतात, असं तो आधण बघत म्हणाला, आणि मग विचार करून म्हणाला की त्यांना रिटर्न तिकीट दाखवावं लागतं. आईचं तसं काही नव्हतं. त्याने कप तीन काढले. तिसऱ्यात चहा अर्धाच ओतला.

सुनीती बॉक्सरूममध्ये गेली. अकरा वर्षं जे काम होण्यासारखं नव्हतं ते पाऊण तासात झालं. व्यायामाची सायकल जिन्यात गेली, अन्वीचा जुना कीबोर्ड तिच्या खोलीत गेला, किचनच्या उरलेल्या टाइल्स आणि आकाशकंदिलांची खोकी गराजमध्ये गेली. खोली चांगली मोठी निघाली. तिने गादी टाकली, स्वच्छ चादर घातली, उशाशी पाण्याचं भांडं ठेवलं आणि एका ताटलीत तो गोल पाव, अख्खा. मग रजई आणायला ती शेजारच्या खोलीत गेली. गेली आणि आली. त्यापेक्षा जास्त वेळ लागला नाही.

चादरीला मधोमध एक सुरकुती पडली होती, हलकं माणूस काठावर टेकून उठतं तशी. ताटलीतला पाव अर्धा होता. कापलेला नव्हता, हाताने मोडलेला होता, कडा सरळ. एक अर्धा ताटलीच्या पलीकडच्या बाजूला, भिंतीकडे. दुसरा अलीकडे सरकवलेला, दाराच्या बाजूला, सुनीती उभी होती तिकडे.

खालून जयंतने हाक मारून विचारलं, तिथे काही लागतंय का. सुनीती म्हणाली, नाही.

तिने रजई पायथ्याशी ठेवली, गादीच्या काठावर, सुरकुतीपासून थोडं अंतर ठेवून बसली, आणि आपला अर्धा उचलून खाऊ लागली. गोड होता. पहिल्या घासाला डांबरगोळीची चव लागली, नंतर लागेनाशी झाली.